‘हवं’ आणि ‘हवंच’

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की दर चार दुकानांमागे एक इस्टेट एजंट. काचेवर आतून चिकटवलेले कागद : वन बीएचके, टू बीएचके, हेवी डिपॉझिट, रेडी पझेशन. आत जाऊन खुर्चीत टेकलात की पाण्याच्या ग्लासाआधी प्रश्न येतो, “बोला साहेब, रिक्वायरमेंट काय आहे?” नवी वस्तू घडवणाऱ्या कंपन्यांत ज्या शब्दावरून दिवसदिवस मीटिंगा चालतात, तो शब्द इथे ‘चहा घेणार का’ इतक्या सहज विचारला जातो.

गिऱ्हाईक सांगतं : वन बीएचके, स्टेशनपासून पाच मिनिटं, दुसरा मजला, त्याच्या वर नको. नवखा एजंट लिहून घेतो आणि चाव्यांचा जुडगा उचलतो. मुरलेला एजंट पेन खाली ठेवतो. “दुसराच मजला का?” तर आईचे गुडघे. मग सातवा मजला, पण दोन लिफ्ट आणि वीज गेली तरी चालणारा जनरेटर असला तर? चालेल की! “आणि पाचच मिनिटं कशाला?” तर मुलगी रात्री साडेदहाला कामावरून येते. मग दहा मिनिटं, पण दुकानं उघडी असलेला, उजेडाचा रस्ता? तेही चालेल. चार प्रश्नांत ‘दुसरा मजला’ गळला, ‘पाच मिनिटं’ही गळली आणि खाली दोन वेगळ्याच गोष्टी उरल्या : आईला जिना चढावा लागू नये, मुलीला रात्री एकटीने येताना भीती वाटू नये. खऱ्या रिक्वायरमेंट या दोन. आधीची यादी म्हणजे गिऱ्हाइकाने घरीच शोधून आणलेली उत्तरं होती.

वस्तू डबा असो, मोबाइल अॅप असो की रेल्वेचा डबा, घोळ इथूनच सुरू होतो. लोक गरज सांगत नाहीत, उपाय सांगतात. त्यात त्यांची चूक नाही. भूक लागल्यावर आपणही ‘मला कर्बोदकं हवीत’ म्हणत नाही, ‘वडापाव दे’ म्हणतो. ऐकणाऱ्याने ‘वडापाव’ खाली लिहून त्यावर सही घेतली की मात्र पंचाईत होते.

मराठीत या कामासाठी एक अक्षर आयतं आहे : ‘च’. ‘झाकणाला रंग हवा’ आणि ‘झाकण बसलंच पाहिजे’ या दोन वाक्यांत जो फरक आहे तोच इच्छा आणि रिक्वायरमेंट यांच्यातला. इंग्रजीत तांत्रिक कागद लिहिणाऱ्यांना हे भान आणण्यासाठी नियम करावे लागले. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये ‘आरएफसी २११९’ नावाचा छोटासा कागद काढला. ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या शब्दांचे अर्थ काय धरायचे, एवढंच त्यात सांगितलं आहे. ‘असलंच पाहिजे’, ‘असावं’ आणि ‘असलं तर असो’ अशा या तीन पायऱ्या. आपल्या आजीने बाजाराची यादी सांगताना हे कायम पाळलं आहे : मीठ आणच, कोथिंबीर मिळाली तर बघ.

पण नुसता ‘च’ लावून भागत नाही. मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपापल्या वाक्याला ‘च’ लावूनच येतो. म्हणून प्रत्येक ‘च’ला दोन प्रश्न विचारावे लागतात. हे नसलं तर नेमकं कोणाचं काय अडेल? आणि हे झालं की नाही, ते तपासायचं कसं? पहिल्याला उत्तर नसेल तर ती हौस आहे. दुसऱ्याला उत्तर नसेल तर ती शुभेच्छा आहे. ‘वापरायला सोपं असावं’, ‘दर्जेदार असावं’, ‘आधुनिक लुक हवा’ ही सगळी शुभेच्छापत्रं. रिक्वायरमेंटसाठी ‘आयएसओ २९१४८’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. चांगल्या रिक्वायरमेंटचे त्यात नऊएक गुण सांगितले आहेत : ती आवश्यक असावी, तिचा एकच अर्थ निघावा, ती जमण्याजोगी असावी, तपासता यावी वगैरे. २०११ च्या आवृत्तीतल्या गुणांत हाही एक होता : रिक्वायरमेंटने उपाय सांगू नये. मुरलेला एजंट पेन खाली ठेवतो तो याचसाठी, मानक न वाचता.

आता भाईंदर पूर्वेला जाऊ. इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटींत स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. बाहेरून कळकट, आत शिरलं की बफिंगची काळी धूळ आणि प्रेसचा ठोका. पत्र्यातून गोल सर्कल कापायची, ती प्रेसखाली डायमध्ये खेचून वाटीसारखा आकार काढायचा, कड छाटायची, वळवायची, मग पॉलिश. जेवणाचा डबा असाच बनतो. वस्तू साधी आहे, पण रिक्वायरमेंट म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगली वस्तू मला सापडलेली नाही. सकाळच्या गाडीत सॅक छातीशी धरून उभं राहिलेल्या माणसाच्या आणि त्याच्या पुढच्या माणसाच्या पाठीच्या मधे हाच डबा आडवातिडवा दाबला जात असतो.

अशा डब्यासाठी पार्टी येते आणि सांगते, “एअरटाइट पाहिजे.” बाजारात शब्द चालतो. करायलाही अवघड नाही. झाकणाला सिलिकॉनची रिंग बसवायची, चार बाजूंनी क्लिपा लावायच्या. डबा खरोखर हवाबंद होतो. मग सकाळी सात वाजता कोणीतरी त्यात वाफाळता भात आणि आमटी भरतं, क्लिपा लावतं, आणि दुपारी एक वाजता ऑफिसात दोन माणसं मिळून झाकण ओढत बसतात.

कारण शाळेत शिकलेलंच आहे. झाकण लावलं तेव्हा आत हवेबरोबर वाफ होती. डबा गार झाला तसं वाफेचं पाणी झालं, उरलेली हवाही आकसली. आतला दाब कमी झाला, बाहेरचा होता तेवढाच राहिला. बारा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस सेंटिमीटर. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दहा टक्के जरी कमी असला, तरी झाकणावर सुमारे १२ किलोचं ओझं ठेवल्यासारखं होतं. सील जितकं चांगलं तितका हा ओढा जास्त. म्हणजे गाळ्याने पार्टीचं म्हणणं जितक्या इमानदारीने पाळलं, तितकी वस्तू वापरायला वाईट झाली.

‘एअरटाइट’ ही रिक्वायरमेंट नव्हतीच. ‘आमटी सॅकमध्ये सांडू नये’ ही होती. तिच्याबरोबर दुसरी होती, जी कोणी बोललंच नाही : जेवायच्या वेळी डबा एका माणसाला उघडता आला पाहिजे. दोन्ही शेजारी मांडल्या की मार्ग दिसतो. झाकणात छोटंसं बूच किंवा झडप बसवली, ती उचलली की हवा आत जाते आणि झाकण सुटतं. आज बाजारात असे डबे सर्रास मिळतात.

आता तपासणीचं बघू. ‘गळू नये’ म्हणजे काय? कारखान्यात याचं उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. डबा तीनचतुर्थांश पाण्याने भरायचा, झाकण लावायचं, रद्दीच्या कागदावर आडवा ठेवायचा, दहा मिनिटांनी उचलायचा. कागदावर ओल दिसली तर नापास. एवढं ठरलं की वाद मिटतो. पार्टी, गाळेवाला आणि प्रेसवरचा कारागीर तिघेही एकाच कागदाकडे बघत असतात. तपासणी ठरवताना बहुतेक वेळा मूळ रिक्वायरमेंटही सुधारते, कारण लगेच कोणीतरी विचारतं, “पाणी गार घ्यायचं की गरम?” गरमच घ्यायला हवं. आमटी गरमच भरतात.

चुकीची तपासणी मात्र तपासणी नसण्याहून वाईट. भांडी घेताना लोक चुंबक लावून बघतात. चिकटला नाही तर ‘अस्सल स्टील’. साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं ३०४ ग्रेडचं स्टील चुंबकाला दाद देत नाही, हे खरं. पण निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं स्वस्त २०० सिरीजचं स्टीलही देत नाही. उलट ३०४ चा पत्रा डायमध्ये जोरात खेचला की कोपऱ्यांत त्याची रचना बदलते आणि तिथे चुंबक थोडा धरतो. म्हणजे चांगला डबा नापास आणि हलका डबा पास. घेणाऱ्याला हवं होतं ‘गंजू नये’, आणि तपासलं ते भलतंच.

शिवाय प्रश्न असा की रिक्वायरमेंट नक्की कोणाच्या? डबा विकत घेणारा एक, भरणारी दुसरी, गाडीत वाहणारा तिसरा, आणि संध्याकाळी घासणारी चौथी. या चौथीला कोणीच विचारत नाही. झाकणाच्या खाचेत रिंग बसते, तिथे हळद आणि तेल साचतं. रिंग सहज निघत नसेल तर ती काढायला सुरीचं टोक लागतं, आठवड्यात रिंग चिरते आणि डबा गळायला लागतो. तक्रार येते ‘गळतो’ अशी, मूळ मात्र ‘धुता येत नाही’ हे. आणि पाचवा, जो कधीच वापरत नाही पण ज्याचा ‘च’ सगळ्यांत कडक : कायदा. केंद्र सरकारच्या १४ मार्च २०२४ च्या आदेशाने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक केलं, त्यासाठीचं मानक ‘आयएस १४७५६ : २०२२’. कोणतंही गिऱ्हाईक दुकानात येऊन हा आकडा मागत नाही. तरी तो पाळावा लागतो.

न बोललेल्या अपेक्षांवर जपानी प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये नीट विचार मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की काही गुण असले तर कोणी कौतुक करत नाही, पण नसले तर माणूस भडकतो. काही गुण जितके जास्त तितकं समाधान जास्त. आणि काही नसले तरी कोणाला खटकत नाही, असले तर मात्र माणूस खूश होतो. पहिल्या प्रकारातली गोष्ट लोक बोलून दाखवत नाहीत, कारण ती त्यांना सांगण्यासारखी वाटतच नाही. लग्नात जेवण आहे का, असं पत्रिका हातात घेऊन कोणी विचारत नाही. म्हणूनच नुसत्या मुलाखती घेऊन आणि फॉर्म भरून घेऊन रिक्वायरमेंट सगळ्या हाती लागत नाहीत. आणि ज्या सुटतात त्या नेमक्या सगळ्यांत महागात पडणाऱ्या असतात.

किती महाग, ते आपल्या लोकलने दाखवलं आहे. मुंबईची पहिली एसी लोकल चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनली आणि एप्रिल २०१६ मध्ये कुर्ला कारशेडमध्ये येऊन उभी राहिली. आधी बेत मध्य रेल्वेवर चालवायचा होता. गाडीची उंची होती ४,३३५ मिलिमीटर. मध्य रेल्वेच्या मार्गावर इंग्रजांच्या काळातले ठेंगणे पूल आहेत, तिथे चालणारी उंची ४,२७० मिलिमीटर. फरक ६५ मिलिमीटरचा, म्हणजे चहाच्या कटिंग ग्लासाएवढाही नाही. शेवटी गाडी पश्चिम रेल्वेकडे आली आणि २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून चर्चगेटला पहिली फेरी निघाली. मध्य रेल्वेवर एसी लोकल धावली ती ३० जानेवारी २०२० ला, ठाणे-पनवेल मार्गावर, कमी उंचीची गाडी आल्यानंतर.

गारवा, दारं, आसनं, पंखे यावर प्रवासी बोलतात, वर्तमानपत्रं लिहितात, मंत्री उत्तरं देतात. पूल मीटिंगला येत नाही. पण त्याची अट अशी की तिच्यात एक मिलिमीटरचीही सूट नाही. वस्तू ज्या जगात जाऊन बसणार त्या जगाच्या अशा मुक्या अटी असतात : पुलाची उंची, विजेचा दाब, सॅकच्या कप्प्याची रुंदी. त्या शोधायला माणसांशी बोलून पुरत नाही, टेप घेऊन जागेवर जावं लागतं.

याच गाडीने दुसरा धडा दिला तो भाड्याचा. सुरुवातीला एसी लोकल बऱ्याच रिकाम्या धावायच्या आणि ‘मुंबईकरांना एसी नकोच आहे’ असं म्हणणारे तेव्हा बरेच होते. ५ मे २०२२ पासून एकेरी तिकीट निम्म्यावर आलं, पाच किलोमीटरचे ६५ रुपयांचे ३० झाले, आणि गर्दी वाढली. लोकांना एसी नको नव्हता, त्या भावात नको होता. किंमत हा विक्री खात्याचा प्रश्न मानून रिक्वायरमेंटच्या यादीबाहेर ठेवायची खोड आपल्याकडे जुनी आहे. ज्या माणसासाठी वस्तू आहे त्याच्या खिशाला ती परवडणं हीदेखील त्या वस्तूची अट असते, तीही ‘च’वाली.

आणि मग दार. लोकलचं उघडं दार ही मला या विषयातली सगळ्यांत अवघड गोष्ट वाटते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडले, काहींचा जीव गेला. लगेच सगळीकडून एकच मागणी आली : दारं बंद करा. मागणी रास्त होती, पण तोही उपायच होता. रिक्वायरमेंट ‘कोणीही गाडीतून पडता कामा नये’ ही. फरक शब्दांचा नाही. दार बंद करायचं ठरवलं की कळतं, ते उघडं दार गुपचूप आणखी तीन कामं करत होतं.

पहिलं काम हवेचं. मुंबईच्या गर्दीसाठी रेल्वेकडे एक खास शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढी जागा डोळ्यांसमोर आणा आणि तिथे पंधरा माणसं उभी करा. त्यांच्या श्वासाची हवा बाहेर जाण्याची मोठी वाट म्हणजे दार. दुसरं काम जागेचं. फूटबोर्डवर लटकणारी माणसं आत मावत नव्हती म्हणूनच बाहेर होती, दार लावलं तर ती फलाटावर राहतील. तिसरं काम वेळेचं. गाडी स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबते, तेवढ्यात शेकडो माणसं चढतात-उतरतात. दार मिटायला काही सेकंद जास्त लागले आणि ते प्रत्येक स्टेशनला लागले, तर मागच्या गाडीला सिग्नल मिळत नाही आणि विरारपासून वेळापत्रक घसरत जातं.

म्हणून त्यानंतर रेल्वेने बिगर-एसी लोकलच्या नव्या रचनेची घोषणा केली तेव्हा त्यात फक्त मिटणारी दारं नव्हती. दारांना हवा खेळू देणाऱ्या झडपा, छतावरून ताजी हवा आत ढकलणारी यंत्रणा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडवाट, म्हणजे गर्दी स्वतःच थोडी पसरेल. पहिल्या दोन गोष्टी हवेसाठी, तिसरी जागेसाठी. वेळेचं उत्तर यात दिसत नाही, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथेच लागणार आहे. चाचणी कारशेडच्या रिकाम्या डब्यात घेऊन उपयोग नाही. सकाळी साडेआठला, पावसात, ओल्या छत्र्यांसकट घ्यावी लागेल.

मग न बोललेलं ओळखायचं कसं? माझा अनुभव असा की लोक काय म्हणतात त्यापेक्षा कुठे जुगाड करतात ते बघावं. तीन जणांच्या बाकावर चौथा अर्धा टेकतो, त्याला सगळी मुंबई ‘चौथी सीट’ म्हणते. हे नाव कोणत्याही आराखड्यात नाही. मीरा रोडला राहणारी माणसं सकाळी उलटी भाईंदर-विरारकडे जाऊन तीच गाडी चर्चगेटकडे वळेल तेव्हा बसून येतात. वीस-पंचवीस मिनिटं वाया घालवून विकत घेतलेली ही जागा कुठल्याही सर्वेक्षणातल्या ‘बैठक व्यवस्था सुधारावी’पेक्षा जास्त बोलते. डब्याच्या बाबतीतही तेच. झाकणाभोवती प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर रबरबँड लावलेला डबा दिसला, की समजावं, कोणाची तरी एक रिक्वायरमेंट कारखान्यात पोचलेली नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. सगळ्या रिक्वायरमेंट एकमेकींशी गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. डबा हलका हवा तर पत्रा पातळ लागतो, पत्रा पातळ घेतला तर गर्दीत चेपतो. दार बंद हवं आणि गाडीही वेळेत हवी. अशा वेळी यादी लांबवणारा नाही, तर दोन ‘च’पैकी एकाला ‘असावं’वर आणण्याचा वाईटपणा घेणारा माणूस लागतो, आणि तो निर्णय कोणी, का घेतला हे लिहून ठेवावं लागतं. बहुतेक ठिकाणी तेवढंच होत नाही. सगळ्यांच्या ‘च’वर टिकमार्क होते, आणि मग काय सोडायचं ते प्रेसवरचा कारागीर किंवा रात्री दोन वाजता कोड लिहिणारी पोरगी ठरवते, कोणाला न विचारता. पुढे वस्तू फसली की दोष त्यांच्या माथी.

घरात नवा डबा आला असेल तर आज रात्री एवढं करा. गरम पाण्याने तीनचतुर्थांश भरा, झाकण लावा, कालच्या पेपरवर दहा मिनिटं आडवा ठेवा. नंतर तसाच बंद गार होऊ द्या आणि एका माणसाने उघडून बघा. पेपर कोरडा राहिला आणि झाकणही निघालं, तर त्या गाळ्यात कोणीतरी पेन खाली ठेवून प्रश्न विचारले होते.